संगणकावरील चाचणी : प्रश्न घडविण्याची रीत

वस्तुनिष्ठ प्रश्न म्हणजे सोपा प्रश्न, असा समज पालकवर्गात आहे आणि आमच्या व्यवसायबंधूंमध्येही तो कमी नाही. चार पर्याय द्यावेत, त्यांतील एकावर खूण करवून घ्यावी, गुणांची बेरीज यंत्राने करावी, म्हणजे शिक्षकाचे ओझे उतरले असे मानले जाते. वास्तविक ओझे उतरत नाही, त्याची जागा बदलते. उत्तरपत्रिका तपासण्यात जाणारा वेळ आता प्रश्न रचण्यात घालवावा लागतो. या विद्यालयाचे पुष्कळ माजी विद्यार्थी आज ठिकठिकाणी अध्यापन करीत आहेत. त्यांच्या उपयोगी पडावे आणि पालकांनाही आपल्या पाल्याच्या पडद्यावर काय चालले आहे हे कळावे, या हेतूने आम्ही हे टिपण लिहीत आहोत.

आम्ही ज्या व्यवस्थेविषयी लिहीत आहोत तिचे नाव मूडल. ऑस्ट्रेलियातील मार्टिन डुगियामास यांनी ती घडविली व २००२ साली तिची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. ती मुक्त स्वरूपाची असल्याने परवान्याचे शुल्क पडत नाही, ही तुटपुंज्या साधनांवर चालणाऱ्या संस्थांच्या दृष्टीने मोठीच सोय होय. या व्यवस्थेत प्रश्न आणि चाचणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आरंभीच ध्यानात घ्यावे. प्रश्न प्रथम प्रश्नपेढीत जमा होतात व तेथे त्यांचे प्रकरणवार गट करता येतात. चाचणी ही केवळ चौकट असून तिच्यात पेढीतील प्रश्न आणून बसवावयाचे असतात. एकदा घडविलेला प्रश्न त्यामुळे वर्षानुवर्षे कामी येतो.

आता बहुपर्यायी प्रश्नाचे एक उदाहरण घेऊ. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. इंग्रजी दप्तराने त्याला ‘दंगे’ म्हटले व तोच शब्द पुस्तकांतून रूढ झाला. आम्ही वर्गात ‘उठाव’ असे म्हणतो. या घटनेवर साल विचारणारा प्रश्न रचला आणि १८७५ च्या जोडीला १५२६, १६७४ व १९४७ असे पर्याय दिले, तर धडा न वाचलेला विद्यार्थीही उत्तर देऊन मोकळा होईल. असा प्रश्न ज्ञानही मोजत नाही आणि अज्ञानही मोजत नाही.

त्याऐवजी असे विचारावे : शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखेच शोधून का जाळले? पहिला पर्याय, न्यायालयात कर्जाचा पुरावा म्हणून तेच चालत. दुसरा, सावकारांपैकी अनेक जण मारवाडी व गुजराती होते. तिसरा, अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले होते. चौथा, सरकारने शेतसारा वाढविला होता. या चारांपैकी एकही विधान खोटे नाही. चारही पाठात येऊन गेलेली आहेत. परंतु विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र पहिलेच आहे, कारण उरलेली तीन शेतकऱ्यांचा रोष सांगतात, कागदच का जळला हे सांगत नाहीत. माहिती पाठ असणे आणि कार्यकारणभाव कळणे यांतील अंतर अशा प्रश्नातून दिसते. चुकीचा पर्याय हा चुकण्याजोगा असला पाहिजे. तो रचताना वर्गात ऐकलेली अर्धवट उत्तरे आठवावीत.

प्रत्येक पर्यायापुढे स्वतंत्र अभिप्राय लिहिण्याची जागा असते, ती बहुतेक शिक्षक रिकामी सोडतात. आमच्या मते या सर्व खटाटोपाचे सार तेथेच आहे. कापसाचा पर्याय निवडणाऱ्या मुलीला नुसते ‘चूक’ असे दिसण्याऐवजी, ‘भाव पडल्याने कर्ज थकले हे खरे, पण थकलेले कर्ज सावकार कोर्टात कशाच्या आधारे सिद्ध करी, याचा विचार कर’ असे दिसले, तर चाचणी हाच एक पाठ होतो. सरावासाठी अनेक प्रयत्नांची पद्धत निवडावी. तीत चुकल्यावर पुन्हा उत्तर देता येते व प्रत्येक चुकीमागे ठरलेला अंश वजा होतो. आपण न बदलल्यास तो एक तृतीयांश असतो.

अंदाजाने उत्तर देणाऱ्यास चार पर्यायांत २५ टक्के व बरोबर-चूक प्रकारात ५० टक्के संधी असते. म्हणून काही जण चुकीच्या पर्यायास उणे एक तृतीयांश गुण देतात, त्यायोगे निव्वळ अंदाजाचा सरासरी लाभ शून्यावर येतो. हिशेब बिनचूक आहे. तरीही लहान वर्गांत आम्ही हा मार्ग टाळतो. पहिल्या पिढीत शिकणारे मूल मुळातच उत्तर देण्यास कचरते, त्याला गप्प राहण्याचे आणखी एक कारण पुरविण्यात अर्थ नाही. पर्यायांचा क्रम आपोआप बदलण्याची सोय वापरताना ‘वरीलपैकी सर्व’ हा पर्याय ठेवू नये. क्रम बदलल्यावर तो सर्वांत वर येऊन बसतो आणि त्याच्या वर काहीच नसते!

लघुत्तरी प्रश्नात मात्र सर्वाधिक दक्षता हवी, कारण तेथे मुलावर अन्याय होण्याचा संभव सर्वाधिक आहे. २० मार्च १९२७ रोजी महाड येथे ज्या तळ्यावर सत्याग्रह झाला त्याचे नाव लिहा, असा प्रश्न आहे असे समजा. शिक्षकाने उत्तर म्हणून केवळ ‘चवदार तळे’ असे नोंदविले. विद्यार्थ्याने ‘चवदारतळे’ असे जोडून लिहिले, ‘चवदार’ एवढेच लिहिले अथवा घरी ऐकतो तसे ‘चौदार’ लिहिले, तर यंत्र निर्विकारपणे शून्य देते. यंत्र अक्षरांशी अक्षरे जुळवून पाहते, त्याला इतिहास कळत नाही. हातात लाल पेन धरलेला शिक्षक जो विवेक करतो, तो येथे आधीच करून ठेवावा लागतो. संभवनीय सर्व रूपे एकेक करून नोंदवावीत आणि त्यांना पूर्ण गुण द्यावेत. ही परीक्षा इतिहासाची आहे, शुद्धलेखनाची नव्हे. वस्तीवरच्या बोलीत लिहिणाऱ्या मुलाचे बरोबर उत्तर ऱ्हस्व-दीर्घापायी चूक ठरू नये, याची जबाबदारी प्रश्नकर्त्याची आहे. सालाचे उत्तर असेल तेव्हा देवनागरी व इंग्रजी दोन्ही अंकांतील रूपे द्यावीत. ताऱ्याची खूण घातल्यास तिच्या जागी कोणतीही अक्षरे चालतात, ही सोय उपयुक्त खरी. परंतु दोन्ही बाजूंस तारा घातला तर ‘चवदार तळे नव्हे’ हेही बरोबर धरले जाते.

जोड्या लावा या प्रकारात एक युक्ती आहे. ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ व ‘प्रबुद्ध भारत’ ही पत्रे आणि १९२०, १९२७, १९३० व १९५६ ही साले दिली, तर तीन जोड्या जुळताच चौथी फुकट मिळते. म्हणून १९३५ सारखे एखादे जादा साल उत्तरांच्या बाजूस घालावे.

वसतिगृहात राहणाऱ्या मुलांच्या चाचणीत एक वेगळीच अडचण येते. संगणक थोडे, म्हणून तुकड्या पाडाव्या लागतात, आणि सकाळच्या तुकडीचे प्रश्न दुपारच्या पंगतीत वरणभाताबरोबर वाढले जातात. त्यावर पहारा हा उपाय नव्हे. एका प्रकरणाच्या गटात १२ प्रश्न असावेत व व्यवस्थेने प्रत्येकास त्यांतील ४ यादृच्छिक रीतीने द्यावेत. बारा प्रश्नांची काठिण्यपातळी मात्र सारखी हवी. बरोबर उत्तरे केव्हा दिसावीत हेही ठरविता येते. ती शेवटच्या तुकडीनंतर, चाचणी बंद झाल्यावरच दिसतील असे करावे. सुटीत घरून सोडवावयाची चाचणी असेल, तर ती एका सायंकाळपुरती न ठेवता चार-पाच दिवस खुली ठेवावी. घरातील एकमेव मोबाईल वडिलांबरोबर कामावर गेलेला असतो, हे ध्यानात घ्यावे.

प्रश्न बरा की वाईट, हे शेवटी आकडे सांगतात. चाचणीनंतर सांख्यिकी अहवालात प्रत्येक प्रश्नाचा सुलभतांक मिळतो, म्हणजे त्या प्रश्नावर वर्गाने सरासरी किती टक्के गुण मिळविले ते. त्याच्या शेजारी भेदकतांक असतो. एकूण चाचणीत पुढे असलेली मुले या प्रश्नातही पुढे आहेत काय, हे तो दाखवितो. तो उणे आला, म्हणजे हुशार मुले चुकली व इतर बरोबर आली, तर बहुधा उत्तरसूचीत चुकीच्या पर्यायावर खूण झालेली असते किंवा प्रश्नाची भाषा दुहेरी अर्थाची असते. अशा वेळी सूची दुरुस्त करून त्या चाचणीचे पुनर्मूल्यांकन एका आज्ञेने होते आणि साऱ्या मुलांचे गुण नव्याने लागतात. निकाल फळ्यावर लावण्यापूर्वी हे पान पाहण्यास पंधरा मिनिटे पुरतात.