मेगापिक्सेल किती? त्याआधी सेन्सर केवढा?

आपल्या निपाणी परिसरात तंबाखू व विडी यांचा व्यवसाय जुना आहे. त्यामुळे तोंडातील पांढऱ्या चट्ट्याचे छायाचित्र मोबाईलवर येणे आपणां डॉक्टरांना नवे नाही. मजुरी बुडवून रुग्णाने लगेच बेळगाव गाठावे काय, याचा विचार पुष्कळदा त्या चित्रापासून सुरू होतो. म्हणून छायाचित्रणाचा छंद असलेला एक डॉक्टर या नात्याने हा विषय येथे मांडत आहे.

मेगापिक्सेल म्हणजे चित्रातील दहा लाख बिंदू. ६ × ४ इंचांच्या उत्तम छपाईसाठी, इंचाला ३०० बिंदू धरले तरी, १८०० × १२०० म्हणजे जेमतेम २.२ मेगापिक्सेल पुरतात. मग ४८ मेगापिक्सेलच्या फोनचे चित्रही अंधारात रवाळ का दिसते?

याचे उत्तर सेन्सरच्या आकारात आहे. 'फुल फ्रेम' कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ × २४ मि.मी., म्हणजे ८६४ चौ. मि.मी. असतो. फोनमधील लहान सेन्सर सुमारे ६ × ४ मि.मी., म्हणजे २४ चौ. मि.मी. भिंगाचे एफ-मूल्य व प्रकाशनकाल समान ठेवल्यास पहिल्यावर ३६ पट प्रकाश पडतो. प्रकाशकणांच्या मोजणीतील अनिश्चितता वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते; त्यामुळे लहान सेन्सरच्या चित्रात 'नॉईज' तुलनेने ६ पट दिसतो. बिंदूंची संख्या वाढविल्याने हा प्रकाश वाढत नाही. तोच अधिक वाट्यांत विभागला जातो. म्हणूनच अनेक फोन चार-चार बिंदू एकत्र करून ४८ ऐवजी १२ मेगापिक्सेलचे चित्र देतात.

आपल्या दृष्टीने खरा धोका पुढे आहे. हा नॉईज झाकण्यासाठी फोन चित्र गुळगुळीत करतो. चट्ट्याचा खडबडीतपणा किंवा पांढऱ्यातील लाल ठिपके, म्हणजे ज्या खुणांनी आपण सावध व्हावे त्याच, पुसट होतात.

यावर उपाय सोपे आहेत. रुग्णाला खिडकीजवळ बसवावे. गॉजने लाळ टिपून गाल बाजूला धरावा. फोनचा मागील मुख्य कॅमेरा वापरावा; डिजिटल झूम टाळावा. शेजारी मोजपट्टी धरावी व चित्र 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे, म्हणजे त्यातील तपशील घटत नाही.

तरीही चांगले चित्र हे निदान नव्हे. दोन आठवड्यांत न जाणारा चट्टा प्रत्यक्ष पाहावा आणि शंका असल्यास बायॉप्सी करावी. चित्र स्वच्छ दिसते एवढ्यावरून रुग्णाला निर्धास्त करू नये, ही माझी सर्व वैद्यकबंधुभगिनींना नम्र विनंती.