जलपर्णी आणि कातकऱ्यांचे कालवण



या पाठासाठी स्तोत्र १०४ आधी वाचून घ्यावे. स्तोत्रकर्ता तिथे एकेका प्राण्याचे नाव घेतो आणि लगेच त्याची जागा नाहीतर त्याचे अन्नपाणी सांगतो. रानगाढवांना झरे, पाखरांना झाडे, रानबकऱ्यांना उंच डोंगर. कोणताही जीव सुटा उभा केलेला नाही. शाळेच्या पुस्तकात यालाच परिसंस्था म्हणतात: सजीव आणि त्यांच्याभोवतीचे पाणी, माती, हवा, ऊन यांचा एकमेकांशी चाललेला व्यवहार.

आपल्याला उदाहरण लांब शोधायला नको. देहूरोडच्या एका अंगाला पवना, दुसऱ्या अंगाला इंद्रायणी. पावसाळा संपून पाणी संथ झाले की दोन्ही नद्यांत जलपर्णी वाढू लागते आणि उन्हाळ्यापर्यंत काही ठिकाणी पाणीच दिसेनासे होते. पुलावरून पाहणाऱ्याला वाटावे, खाली मैदान आहे.

ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली. तिचे जांभळे फूल खरोखर सुंदर असते, आणि शोभेचे झाड म्हणूनच ती आपल्या देशात आली. तिच्या मायदेशात तिला खाणारे किडे आहेत. इथे तिला आवर घालणारे फारसे कोणी नाही. त्यात आपण तिला खत पुरवतो. घराघरांतले सांडपाणी आणि साबणाचा फेस यांतून नायट्रोजन व फॉस्फरस नदीत उतरतात, आणि शेतात युरिया टाकावा तसा त्यांचा परिणाम होतो. अनुकूल पाण्यात जलपर्णी साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. हिशोब करून पाहा: एका रोपाची वीस आठवड्यांत हजारावर रोपे!

आता पाण्याखाली काय होते? मासा कल्ल्यांनी श्वास घेतो, तो पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर. वर हिरवे छत आले की ऊन आत जात नाही आणि शेवाळासारख्या पाणवनस्पतींना प्राणवायू तयार करता येत नाही. जुनी पाने तळाशी कुजतात. ती कुजवणारे जिवाणू उरलासुरला प्राणवायूही संपवतात. मरळीसारखा मासा वर येऊन हवा घेऊ शकतो, म्हणून तो काही काळ तग धरतो. बाकीचे मरतात. डासांना मात्र बरे दिवस येतात.

या साखळीच्या टोकाला माणूसही आहे. कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी ही महाराष्ट्रातली तिसरी आदिम जमात. तिच्यातील अनेकांना ना शेत, ना जनावरे. वीटभट्टीचे काम नसेल तेव्हा नदीतले मासे आणि ओढ्यातले खेकडे हेच त्यांचे कालवण, आणि थोडे विकले तर मीठमिरचीचे पैसे. कोणत्या डोहात कोणता मासा मिळतो हे त्यांच्या बायकामुलांनाही ठाऊक असते. नदी मेली की हे ज्ञान निकामी होते आणि ताटातला मासा जातो. आपण डाळ-तांदूळ वाटतो, ते वाटलेच पाहिजेत. पण त्या ताटातला मासा आपल्याच सांडपाण्याने गेला असेल तर निव्वळ शिधा देऊन हिशोब पुरा होत नाही, असे मला वाटते.

दरवर्षी यंत्रे लावून जलपर्णी काढतात. काढावीच लागते. पण तिचे बी गाळात वर्षानुवर्षे टिकते आणि खत तर रोज येतच असते, म्हणून ती पुन्हा उगवते. आणि आपले पाणी इथे थांबतही नाही. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, पवना मुळेतून पुढे भीमेलाच. दोघींचे पाणी उजनी धरणात जाते.

संडे स्कूलच्या मोठ्या मुलांना मोठ्या माणसांसोबत एकदा देहूच्या पुलावर न्यावे. जलपर्णी कुठे दाट आहे, नाला कुठे मिळतो, बगळे कोणत्या बाजूला बसतात, एवढे वहीत लिहून घ्यायला सांगावे. मुले एक प्रश्न हमखास विचारतील: आपल्या चर्चच्या मोरीचे पाणी कुठे जाते? शिक्षकांनी ते आधी जाऊन पाहून ठेवावे.