जुना फोटो वर्गात नेशील तेव्हा

अगं, जुना फोटो वर्गात नेशील तेव्हा खालची ओळ आधी झाकून टाक. नाव-साल वाचलं की मुलं बघायचं सोडून धडा आठवायला लागतात.

मी मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी १९४६ मध्ये पुण्यात काढलेला गांधीजींचा फोटो न्यायची. विचारायचं, ‘ते काय करताहेत?’ निम्मा वर्ग ‘सूत काततात’ म्हणतो, कारण चरखा पुढ्यातच, मोठा दिसतो. नीट पाहिलं की कळतं, ते वाचताहेत. हे मुलांनाच सापडू दे. तोवर तू गप्प राहा, कितीही जड गेलं तरी.

मग पुठ्ठ्याला काडेपेटीएवढी खिडकी काप आणि मुलांना ती फोटोवर फिरवू दे. एकेकाने एकच तुकडा निवडायचा: चरख्याचं चाक, हातातला कागद, मागचा उजेड. त्यावर पाच वाक्यं लिहायची, ‘महान’ आणि ‘सुंदर’ हे शब्द न वापरता. झेरॉक्सवर चेहरे काळे पडतात, म्हणून चांगली छापलेली प्रतच घे.

गोष्ट लिहायला ‘मी चरखा बोलतोय’ मात्र देऊ नकोस. ती वाक्यं गाइडमध्ये तयार असतात, मुलं तीच उतरवतात. त्यापेक्षा चौकटीबाहेर त्या क्षणी कोण असेल, ते विचार.

पहिलं लिखाण झाल्यावरच माहिती सांग. बर्क-व्हाइटबाईंना फोटोआधी सूत कातायला शिकायची अट घातली होती, हे कळलं की मुलं आपणहून वही पुन्हा उघडतात. दुसरा खर्डा तेव्हाच लिहून घे. आणि समासात खुणा करायला लाव: फोटोत दिसलेलं ‘दि’, माहितीतलं ‘मा’, कल्पनेतलं ‘क’. याबाबतीत कडक राहा. मुलांनी रचलेलं वाक्य गांधीजींचं म्हणून भिंतीवर लागता कामा नये.

फार जुन्या फोटोंत माणसं ताठ, गंभीर दिसतात, मग मुलं त्यांना रागीट ठरवतात. त्या काळी कॅमेऱ्यापुढे बराच वेळ न हलता बसावं लागे, एवढं लिहिण्याआधीच सांगून टाक.

घरचे फोटो आणा, असं वर्गात कधीच म्हणू नकोस. कित्येकांच्या घरी पणजोबांचा एकही फोटो नसतो. स्टुडिओत जाणं सगळ्यांना परवडत नव्हतं. पुण्यात तर १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात संसारच्या संसार वाहून गेले, तिथे फोटोंचं काय. अशा मुलाला मान खाली घालायला लावू नये. त्याऐवजी सगळ्यांनाच ‘न काढलेला फोटो’ लिहायला दे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारायचं, ‘आठवणीतल्या एखाद्या दिवशी कॅमेरा असता तर कशाचा फोटो काढला असतास?’ उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवून आणायचं, चौकट मुलाने ठरवायची. याला जोडतास घे, एका तासात मुलं नुसती सांगतच बसतात.