जॅकेटचं बक्कल

चि. सोनू,



सुट्टीत तलावावर तुम्ही कयाकमध्ये बसून शिवाशिवी खेळलात, तू उलटलास आणि हसत वर आलास, असं वहिनी काल फोनवर म्हणाली. मीही हसले. मग कळलं की हात मोकळे राहावेत म्हणून तू लाइफ जॅकेट काढून ठेवलं होतंस. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. धाकट्या काकांचं तुला नव्याने सांगायला नको. तेही पट्टीचे पोहणारे होते.

का काढलंस रे? नुसता खेळ म्हणून? खेळातच जास्त लागतं. चेंडूच्या खेळात सगळे एकदम वळतात, प्रत्येकाची नजर चेंडूवर, आणि शेजारच्याचं वल्हं डोक्यात बसतं. क्षणभर शुद्ध गेली तर पोहता येऊन काय उपयोग? बोटी एकमेकींना लावून त्यांवरून रांगत जाता, तेव्हाही हात दोन बोटींच्या फटीत ठेवू नकोस, चेचतो.

दादासारखी मी खेळू नको म्हणणार नाही. शिवाशिवीत निसटायचं तर उलटं वल्हं मारून जागच्या जागी वळावं लागतं. चेंडूसाठी वाकलं की कमरेने बोट तोलावी लागते. हे शिक्षकाने दहादा सांगून अंगात मुरत नाही, ते खेळता खेळता येतं. पुण्याला शिकत होते तेव्हा मी इंजिनिअरिंग कॉलेजची रेगाटा बघायला जायचे. त्यांचा बोट क्लब १९२८ पासूनचा. मार्चमधली संध्याकाळ, मुळेचं संथ पाणी, आणि कयाकांचा बॅले. इतक्या बोटी एका तालात फिरायच्या, पण एकीचा धक्का दुसरीला लागत नसे. मला तिथे बसायचं होतं सोनू, काठावर नव्हे, बोटीत. घरी नाना नाहीच म्हणतील म्हणून कुणाला विचारलंसुद्धा नाही. जन्म नाहूरला गेला, मिठागरांपलीकडे ठाण्याची खाडी, आणि आजवर वल्हं हातात धरलेलं नाही. तुझे फोटो मी पुन्हा पुन्हा बघते ते म्हणून.

पण जॅकेट! रविवारी कोलाडला जायचं म्हणतोस. तिथल्या कुंडलिका नदीला सकाळी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटलेलं पाणी असतं. तिथे उलटलास तर उभं राहायला जाऊ नकोस, खडकात पाय अडकतो. उताणा हो, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेला. आणि हे सगळं जॅकेट अंगात असेल तरच.

रागावले, मनाला लावून घेऊ नकोस. हसत वर आलास हे ऐकून आधी बरंच वाटलं होतं. घाबरला नाहीस, बोट सोडली नाहीस, ते छानच केलंस.

शनिवारी रात्री इकडेच ये, तुझी आवडती वालाची उसळ करते. तुझं जॅकेट घेऊन ये. बक्कलं लावून दाखव, मी खांद्यांना धरून वर ओढून बघेन. हनुवटीपर्यंत सरकलं तर ढिलं आहे, पट्टे आवळून देईन. आणि तुमच्या त्या तलावावर दोघांची बोट मिळत असेल तर मलाही एकदा ने. पुढे बसेन, तू सांगशील तसं वल्हं मारीन.

तुझी,
आत्या