मोठे वजन उतरवताना : कोंडाण्यापासून खोपोलीपर्यंत काय करावे, काय टाळावे

कर्जत तालुक्यातल्या कोंडाणे, कोंडिवडे आणि उल्हास नदीच्या काठच्या गावांतले ताट आवणीसाठी बनलेले आहे. दिवसभर चिखलात वाकून रोपे लावणाऱ्याला भाताचा ढीग लागायचाच, आणि तो पचायचाही. आता कितीतरी शेतांवर फार्महाऊस उभी आहेत. शेतकऱ्याचा मुलगा रिक्षा चालवतो, बंगल्याची राखण करतो किंवा लोकलने मुंबईला जाऊन खुर्चीत बसतो. काम बदलले, ताट बदलले नाही. वजन वाढण्यामागे आळसापेक्षा हा न जुळणारा हिशेब मोठा आहे.

म्हणून 20, 25, 30 किलो उतरवायचे असतील, तर कोणताही बेत एका कसोटीवर घासून घ्या : आषाढातल्या पावसात, गणपतीत आणि लग्नसराईत तो पाळता येईल का? येणार नसेल, तर वजन उतरेल, पण उतरलेले राहणार नाही.

सुरुवातीला

करावे

- आधी तपासणी. रक्तदाब, साखर, थायरॉइड, चरबी आणि यकृत पाहून घ्या. तिशी ओलांडलेल्यांची रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. गावातल्या आशाताईंना विचारा. पुढच्या तपासण्यांसाठी कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय आहे.
- वजनासोबत कंबर मोजा, बेंबीच्या पातळीवर. पुरुषांची 90 आणि स्त्रियांची 80 सेंटिमीटरच्या वर गेली, तर धोका सुरू झाला असे समजा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःची आणि डॉ. युडकिन या इंग्रज सहकाऱ्याची तुलना छापली. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 22.3, पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. आपली चरबी पोटात लपते, ती एकट्या वजनकाट्याला दिसत नाही.
- पहिले लक्ष्य छोटे ठेवा. 100 किलोच्या माणसाने सहा महिन्यांत 5 ते 10 किलो कमी केले, तरी साखर आणि रक्तदाबात फरक दिसू लागतो. ते जमले की पुढचा टप्पा.
- आठवड्याला अर्धा ते एक किलो हा वेग पुरेसा माना.

टाळावे

- 'महिन्यात 15 किलो' अशा जाहिराती. फार झपाट्याने वजन उतरले, तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो आणि चरबीबरोबर स्नायूही झिजतात.
- काही न करता वजन उतरू लागले, तर खूश होणे. मधुमेह, क्षय, थायरॉइड, काही वेळा कर्करोगही असा सुरू होतो. आधी डॉक्टर.
- गरोदरपणात, अंगावर पाजताना किंवा वाढत्या मुलांवर हे प्रयोग. याच तालुक्याच्या वाड्यावस्त्यांवर कमी वजनाचीही मुले आहेत. एकच सल्ला सगळ्यांना लागू पडत नाही.

ताटात

करावे

- भात सोडू नका, त्याची जागा कमी करा. कर्जतला भाताचे संशोधन केंद्र आहे, 'कर्जत' नावाचेच भाताचे वाण आहेत. इथे भाताला शत्रू ठरवणारा आहार चार आठवडेच टिकतो. अर्धे ताट भाजी-कोशिंबीर, पाव ताट डाळ, कडधान्य, मासळी किंवा अंडे, आणि उरलेल्या पावात भात नाहीतर भाकरी. दोन्ही एकदम नकोत.
- कालवण आणि भाजी आधी, भात शेवटी. पोट भरत आल्यावर भात आपोआप कमी वाढला जातो.
- प्रथिने रोज, प्रत्येक जेवणात. लक्ष्य असलेल्या वजनाच्या दर किलोमागे साधारण 1 ते 1.2 ग्रॅम. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टर ठरवतील. भात कापल्यावर त्याच ओलीवर येणारे वाल इथे घरचेच. कोरड्या कडधान्यात 100 ग्रॅममागे 20 ते 25 ग्रॅम प्रथिने असतात, एका अंड्यात सहाच्या आसपास.
- पावसाळ्यात बाजारात ठाकूर आणि कातकरी बायका टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी घेऊन बसतात. त्या दिवसांत भाजीचा वाटा दुप्पट करायला निमित्त शोधावे लागत नाही. फोडणी मात्र एका चमच्यात.
- नाचणी आणि वरी आठवड्यातून दोन-तीनदा. नाचणीची भाकरी तांदळाच्या भाकरीच्या जागी खा, जोडीला नको.
- पोपटी जरूर खा. वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात मडक्यात वाफवायच्या, तेलाचा थेंब नाही. हिवाळ्यातला याहून हलका बेत शोधून सापडणार नाही. हात आखडायचा तो बटाट्यावर आणि सोबतच्या बाटलीवर.
- तेल महिन्याच्या हिशेबाने मोजा : माणशी अर्धा ते पाऊण लिटर. डबा कधी फोडला ते कॅलेंडरवर लिहून ठेवा.

टाळावे

- आगोटीला भरलेली सुकट, बोंबील मूठमूठ घालणे. प्रथिने आहेत, तसे मीठही भरपूर आहे. रक्तदाब असेल तर धुऊन, भिजवून आणि क्वचितच. दिवसाचे एकूण मीठ 5 ग्रॅमच्या आत.
- उपवासाच्या नावाने साबुदाणा, बटाटा आणि शेंगदाण्याचा कूट. एकादशी, श्रावणी सोमवार, मार्गशीर्षातले गुरुवार मिळून वर्षाचे बरेच दिवस होतात. त्या दिवशी फळ, ताक आणि थोडी वरी.
- गोड चहा मोजायचा विसरणे. दिवसाला सहा कप आणि प्रत्येकी दोन चमचे साखर म्हणजे जवळपास 200 कॅलरी, आणि पोट रिकामेच.
- दारू आणि ताडी 'पाण्यासारखी' धरणे. दारूच्या एका ग्रॅममागे 7 कॅलरी, साखरेच्या एका ग्रॅममागे 4. चखणा वेगळा.
- या आठवड्यात एक पद्धत, पुढच्या आठवड्यात दुसरी. डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी 55 मिनिटांच्या आत जेवायला सांगतात. ऋजुता दिवेकर थोडे थोडे, घरचे, ऋतूतले खायला सांगतात. दोन्ही पाळून वजन उतरवलेली माणसे आहेत. दोन्हींची भेसळ करून दिवसभर खात राहणारेही आहेत. आपल्या कामाच्या वेळांना जी बसते ती एकच धरा.
- साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना जेवणाच्या वेळा स्वतःच्या मनाने बदलणे. साखर एकदम उतरून चक्कर येऊ शकते. गोळ्यांचा डोस आधी डॉक्टरांकडून बदलून घ्यायचा.

चालताना आणि चढताना

करावे

- सपाटीवर सुरुवात करा. पहिला महिना रोज 15 ते 20 मिनिटे, मग हळूहळू आठवड्याला 150 मिनिटे, पुढे 300 पर्यंत.
- आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम. खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला टेकून दंड, पाण्याच्या बाटल्या उचलणे. वजन उतरताना स्नायू यानेच वाचतात; चालण्याने एकट्याने नाही.
- पावसाळ्याची सोय ज्येष्ठातच करून ठेवा : ओटी, देवळाचा सभामंडप, शाळेची पडवी, घरातला जिना. जूनमध्ये बंद पडलेले चालणे दिवाळीपर्यंत सुरू होत नाही, हा बहुतेकांचा अनुभव आहे.
- गुडघे दुखत असतील तर धीर धरा. एक किलो कमी झाले की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो. पहिल्या 10 किलोंतच फरक जाणवतो.

टाळावे

- उत्साहाच्या भरात पहिल्याच रविवारी कोंडाण्याची लेणी आणि तिथून राजमाची. कोंडिवड्यातून लेण्यांपर्यंतची वाट चढाची आहे आणि राजमाचीचा चढ त्याहून खडा. पावसात लेण्यांच्या तोंडावरून धबधबा कोसळतो, दगड शेवाळतात. 110 किलोंचे शरीर तिथे घसरले, तर मोडलेला पाय सहा महिने घरी बसवतो. लेणी हे सहा-आठ महिन्यांनंतरचे बक्षीस ठेवा, तेही हिवाळ्यात.
- अंधारात बांधावरून किंवा डांबरी रस्त्याच्या कडेने फिरणे. बांधावर घोणस, रस्त्यावर डंपर. विजेरी हवी, उजळ कपडा हवा, किंवा मग उजाडण्याची वाट पाहावी.
- छातीत दडपण आले, हातात कळ गेली, बोलता येईना इतकी धाप लागली तरी 'फेरी पुरी करू' म्हणणे. तिथेच थांबा आणि दवाखाना गाठा.
- चाललो म्हणून खाणे. एका वडापावात 250 ते 300 कॅलरी असतात. त्या जाळायला जवळपास तासभर झपझप चालावे लागते.

लोकल, रात्रपाळी आणि फूड मॉल

करावे

- कर्जतहून मुंबई सीएसएमटी सुमारे 100 किलोमीटर, एका वेळी दोन तासांहून जास्त. सकाळचा डबा आणि संध्याकाळची पुडी, दोन्ही घरूनच न्या. पुडीत भाजलेले चणे, उकडलेले अंडे किंवा एक फळ. साडेपाच-सहाला ते खाल्ले तर रात्री नऊला घरात शिरताच भातावर तुटून पडणे टळते.
- रात्रीचे जेवण दिवसातले सर्वांत हलके. भाजी, वरण आणि एक भाकरी.
- झोप सात तासांच्या आसपास. पहाटेची लोकल पकडणाऱ्याला यासाठी मोबाइल लवकर खाली ठेवण्यावाचून मार्ग नाही. अपुरी झोप भूक वाढवते.
- खोपोली-खालापूरच्या कारखान्यांत रात्रपाळी असेल, तर मुख्य जेवण पाळीवर जाण्यापूर्वी करा. पहाटे तीनला कँटीनचे तळलेले नको.

टाळावे

- कर्जत स्टेशनवरचा वडा रोजचा करणे. दिवाडकरांच्या वड्याने कैक पिढ्यांचा घाट सोपा केला, तो आयुष्यातून काढायचे कारण नाही. पण तो घाट चढणाऱ्या प्रवाशाचा वडा आहे. रोज ये-जा करणाऱ्याने त्याला महिन्यातून एक-दोनदा भेटावे.
- द्रुतगती मार्गावरच्या फूड मॉलला 'आलोच आहोत तर' म्हणून थांबणे. खालापूरच्या ड्रायव्हर मंडळींना हा मोह दिवसातून चारदा होतो. गाडीत पाणी आणि फळ ठेवणे हाच उपाय.

सण, लग्न आणि माणसे

करावे

- लग्नसराईत आठवड्याच्या पंगती आधी मोजा. एका पंगतीत पोटभर, बाकीच्यांत हजेरी, आहेर आणि एक वाटी.
- गौरी-गणपतीत मोदक खा. दोन. आणि त्या जेवणात भात नको.
- स्वयंपाक करणाऱ्या माणसाला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. घरात एकासाठी वेगळे ताट शिजत राहिले, तर महिनाभरात दोघेही कंटाळतात. सगळ्यांचेच तेल आणि भात थोडे कमी झाले, तर कुणाचेच बिघडत नाही.

टाळावे

- 'एवढ्याने काय होतंय' म्हणत आग्रह करणे. आग्रहाऐवजी ताक द्या.
- जाड्या, जाडे अशा हाका. चारचौघांत बोललेले लागते, आणि लागलेले माणूस घरी जाऊन खाऊन भरून काढते. मुलांच्या बाबतीत तर हे कधीच नको.
- एक दिवस सुटला म्हणून आठवडा सोडणे. पुढचे जेवण नेहमीसारखे, बस.

औषधे, शस्त्रक्रिया, शिबिरे

करावे

- बीएमआय फार वर गेला असेल किंवा सोबत मधुमेह, झोपेत श्वास अडकणे असे आजार असतील, तर डॉक्टरांशी औषधांबद्दल आणि बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेबद्दल मोकळेपणी बोला. बोरघाटाचा 37 फुटांना एक फूट असा चढ चढायला कर्जतला गाड्यांना मागून बँकर इंजिने जोडतात. त्यात गाडीचा कमीपणा कुणी पाहत नाही.
- मधुमेह नवा असेल तर वजनाकडे उपचार म्हणून पाहा. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' चाचणीत 15 किलो किंवा जास्त वजन उतरवलेल्यांपैकी 86 टक्के लोकांची साखर वर्षाअखेर औषधाविना मधुमेहाच्या पातळीखाली होती. तो आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालचा होता, हे विसरू नका.

टाळावे

- मौंजारो, वेगोव्हीसारखी 2025 मध्ये भारतात आलेली इंजेक्शने ओळखीच्या दुकानातून चिठ्ठीविना घेणे. मळमळ, उलट्या, पित्ताचे आणि स्वादुपिंडाचे त्रास होऊ शकतात, आणि बंद केल्यावर बरेचसे वजन परत येते. किती काळ घ्यायची, हे सुरू करण्यापूर्वी विचारा.
- 'चरबी वितळवणारे' काढे, चूर्ण, पट्टे. घटक न लिहिलेल्या पुडीत काय आहे ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.
- आठ दिवसांच्या शिबिरावर सगळी भिस्त. तिथे स्वयंपाक दुसरा कुणी करतो, लोकल पकडायची नसते. शिबिरातून एक सवय घरी आणता आली तरच पैसे वसूल.

वजन थांबल्यावर आणि उतरल्यावर

करावे

- काटा अडकणार हे गृहीत धरा. शरीर हलके झाले की ते कमी अन्नात भागवते. जुने ताट आता जास्त ठरते. भात आणखी दोन घास कमी, चालणे 10 मिनिटे जास्त, आणि महिनाभर धीर.
- आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, सकाळी वजन करून लिहा. अमेरिकेत 1994 पासून चालणाऱ्या एका नोंदवहीत मोठे वजन उतरवून टिकवलेल्यांच्या सवयी नोंदल्या आहेत : बहुतेक जण नियमित वजन करतात, न्याहारी करतात आणि रोज सुमारे तासभर हालचाल करतात. त्यात जादू कुठेच नाही.
- रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या दर काही महिन्यांनी तपासून घ्या. वजन उतरल्यावर जुना डोस जास्त होतो.

टाळावे

- लक्ष्य गाठल्यावर 'आता सुटलो' म्हणणे. टिकवण्याची पहिली दोन वर्षे उतरवण्याइतकीच कष्टाची असतात.
- जुने मोठे कपडे कपाटात ठेवणे.
- वाढलेले वजन लपवणे. दोन-तीन किलो परत आले की त्याच आठवड्यात भाताची वाटी लहान करा आणि घरातल्या एका माणसाला सांगा. तीन किलो उतरवणे सोपे असते. लपवून तेरा झाले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.