अकरा वाजता काय होतं ते बघ

नाश्ता सोडला तर वजन उतरेल का, एवढंच तू विचारलंस, आणि वर उत्तर हो किंवा नाही एवढ्यातच हवं म्हणालीस. तर पोरी, नाही. नाश्ता करून कोणी बारीक होत नाही आणि सोडूनही होत नाही. दिवसभरात पोटात एकंदर किती गेलं, त्यावर वजन ठरतं. सकाळचं खाणं ही त्या हिशेबातली एक रक्कम. ती खोडली की बहुतेक वेळा दुसऱ्या कुठल्या तरी रकान्यात येऊन बसते. कुठे बसते, ते बघायचं असतं. माझी सगळी नोकरी रुग्णालयाच्या आहार विभागात गेली आणि तिथे मी मुख्यतः हेच बघत आले, म्हणून आत्या म्हणून नव्हे, तर त्या अनुभवावरून सांगते.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढ. सकाळचं खाणं दिवसातलं सगळ्यांत महत्त्वाचं, हे आपण ब्रह्मवाक्य धरून चालतो. त्याचा उगम शोधायला गेलं तर माणूस अमेरिकेत मिशिगनमधल्या बॅटल क्रीकला पोचतो. तिथे डॉ. जॉन हार्वे केलॉग यांचं आरोग्यधाम होतं आणि १८९०च्या दशकात कॉर्नफ्लेक्स तिथेच जन्माला आले. १९१७ साली त्यांच्याच मासिकात न्याहारीचं हे माहात्म्य छापून आलं. आता धान्याचे पापुद्रे ज्यांच्या घरातून निघाले, ते सकाळच्या बशीबद्दल वाईट कशाला लिहितील? विधान त्यामुळे खोटं ठरत नाही, पण सांगणारा कोण हे कळलेलं बरं.

आपल्याकडे तर उठल्याउठल्या बशीभर खायची रीतच सगळीकडे नव्हती. शेतावरची माणसं उजाडता कामाला लागायची आणि दोन-तीन तास राबून झाल्यावर बांधावर बसून भाकरी, कांदा, ठेचा खायची. कोकणात आणि गोव्यात दहा-अकराच्या सुमाराला पेज. कामाने भूक लागली की खाणं, असा तो क्रम. तू सातला उठतेस, साडेसातला पोहे खातेस, आठ-वीसची लोकल पकडतेस आणि मग संध्याकाळपर्यंत खुर्चीवर. पोह्यांना बोल लावण्याआधी त्या खुर्चीचाही विचार कर.

आता शास्त्रज्ञांनी काय पाहिलंय, ते थोडक्यात. २०१९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या मंडळींनी १३ चाचण्यांचा एकत्र आढावा छापला. नाश्ता करणाऱ्यांच्या पोटात न करणाऱ्यांपेक्षा दिवसाला सरासरी २६० कॅलरी जास्त गेल्या. वजनातला फरक मात्र अर्ध्या किलोच्याही आत, आणि तोसुद्धा नाश्ता न करणाऱ्यांच्या बाजूने. म्हणजे नाश्ता चुकवला की दुपारी दुप्पट खाल्लं जातं, हा आपला लाडका धाक सगळ्यांच्या बाबतीत खरा नाही. चाचण्या थोड्या दिवसांच्या होत्या, दर्जाही फार उंच नव्हता, हे त्यांनीच लिहिलंय. त्याआधी २०१४ मध्ये अमेरिकेत ३०९ जणांवर १६ आठवडे प्रयोग झाला होता. काहींना नाश्ता करा सांगितलं, काहींना करू नका सांगितलं. वजनावर दोन्ही सल्ल्यांचा परिणाम जवळजवळ शून्य.

यावर तू म्हणशील, वजन उतरवून टिकवणारे बहुतेक लोक नाश्ता करतात असं वाचलंय. वाचलंयस ते बरोबर आहे. अमेरिकेत १९९४पासून अशा लोकांची एक नोंदवही ठेवली जाते आणि त्यातले जवळपास ७८ टक्के रोज नाश्ता करणारे निघाले. पण रोज वेळेवर नाश्ता करणारा माणूस बहुधा वेळेवर झोपतो, फिरायला जातो, रात्री बाराला फ्रिज उघडत नाही. यश बशीचं की शिस्तीचं, हे नुसत्या नोंदवहीवरून कसं कळणार?

मला सगळ्यांत कामाचा वाटला तो इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाचा प्रयोग, तोही २०१४चाच. सहा आठवडे काही सडपातळ माणसांनी सकाळी अकराच्या आत ७०० कॅलरी खायच्या आणि काहींनी दुपारी बारापर्यंत काहीच नाही. वजनात फरक पडला नाही. पण सकाळी खाणारी माणसं दिवसभरात जास्त हलली, न खाणारी नकळत मंदावली. आपण उपाशी राहतो तेव्हा शरीर असंच हळूच हात आखडतं, जिने टाळतं, लिफ्टपाशी उभं राहतं. नाश्ता सोडून बघणार असशील तर हे एक ध्यानात ठेव: त्या दिवसांत तुझी पावलं कमी होऊ देऊ नकोस.

आपल्या महाराष्ट्रात या विषयावर दोन पंथ झालेत, तुला ठाऊकच आहेत. एकीकडे डॉ. जगन्नाथ दीक्षित: कडकडून भूक लागेल अशा दोनच वेळा ओळखायच्या, प्रत्येक वेळचं जेवण ५५ मिनिटांत उरकायचं, मध्ये काही नाही. मूळ कल्पना नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांची. दुसरीकडे ऋजुता दिवेकर: घरचं, हंगामातलं, थोडं थोडं आणि दर दोनेक तासांनी. सोसायटीच्या कट्ट्यावर या दोन बाजूंची भांडणं मी ऐकलीत, तेवढी निवडणुकीचीही ऐकली नसतील. माझं मत विचारशील तर दोन्हीकडच्या माणसांचं वजन उतरतं तेव्हा कारण एकच असतं. पहिल्या मार्गात मधला साखरेचा चहा, बिस्किटं, फरसाण आपोआप बंद होतं. दुसऱ्या मार्गात तेच फरसाण जाऊन त्या जागी मूठभर शेंगदाणे किंवा फळ येतं. चहाच्या वेळचा चरत राहण्याचा प्रकार दोघांनीही मोडलाय. आणि दोन्हीकडची माणसं परत फुगतात, तेव्हाही कारण एकच. दोन वेळांच्या पंथातली पंचावन्न मिनिटांत श्रीखंडपुरी बसवतात आणि दोन तासांच्या पंथातली दर दोन तासांनी पोटभर जेवतात.

म्हणून तू पंथ घेऊ नकोस, पंधरवडा घे. पंधरा दिवस नाश्ता करून बघ, पंधरा दिवस न करता बघ. दुपारचं आणि रात्रीचं जेवण दोन्ही पंधरवड्यांत सारखंच ठेव, ऑफिसला जायची वाटही तीच. आणि सकाळी अकरा वाजता काय होतं, ते एका वहीत लिहून ठेव. मोबाइलात नको, तिथे तू लिहीत नाहीस हे मला माहीत आहे. अकरा वाजता नाश्त्याविना डोकं शांत आहे, काम होतंय, डब्याची वाट बघण्यापलीकडे काही नाही, तर खुशाल सोड. पण अकराला हात थरथरतायत, शेजारच्या टेबलावरच्या मुलीवर खेकसलीस, कँटीनमधून वडापाव आला आणि वर "सकाळपासून काहीच खाल्लं नाही ना" म्हणून दुसराही आला, तर नाश्ता सोडणं तुझ्या प्रकृतीचं नाही. अकरासारखीच दुसरी नोंद रात्री झोपण्याआधीची ठेव. पुष्कळ बायका दिवसभर जेमतेम खातात आणि रात्री मुलांच्या ताटातलं उरलेलं, कढईतलं खरवडलेलं, दोन पेढे, असं करून सगळं भरून काढतात. ते कधीच कोणाच्या हिशेबात येत नाही.

वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी काही खाण्यापिण्याआधी. पाळीच्या आसपास अंगात पाणी धरतं, काटा किलो-दीड किलो वर दिसू शकतो, त्याला घाबरून उपास सुरू करू नकोस. काट्यापेक्षा मला टेप जास्त विश्वासाची वाटते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा आणि इंग्लंडमधल्या डॉ. जॉन युडकिन यांचा एक जोडफोटो २००४ साली लॅन्सेटमध्ये छापून आला होता. दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा आकडा एकच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपली माणसं बारीक दिसतात आणि चरबी पोटात बाळगतात, हे एका फोटोत कळलं. त्यामुळे कंबर मोज: बाईची ८० सेंटिमीटरच्या आत, पुरुषाची ९०च्या आत. परकराचा नाडा कुठे बांधला जातो, हेही पुरेसं सांगतो म्हणा.

आता बशीत काय, ते. इथे मी थोडी रेंगाळणार, कारण नाश्त्याचं भलंबुरं इथेच ठरतं.

पोहे वाईट नाहीत. एका माणसाला कोरडे चाळीस ग्रॅम पोहे पुरतात, म्हणजे साधारण १४० कॅलरी. त्यावर दोन चहाचे चमचे तेल, म्हणजे ९०. मूठभर नव्हे, दहा ग्रॅम शेंगदाणे, म्हणजे पन्नास-साठ. सगळे मिळून तीनशेच्या आत. पण तुझ्याकडे तेल चमच्याने जात नाही, बाटलीतून जातं, हे मी स्वयंपाकघरात उभी राहून पाहिलंय. एक चहाचा चमचा तेल ४५ कॅलरीचं. बाटलीची धार किती चमच्यांची होते, हे एकदा मोजून बघ, मग बोलू. वरून शेव आली, नागपूरसारखी तर्री आली, की आपण घरचे पोहे खाल्ले असं म्हणण्यात अर्थ नाही.

पोह्यांचा, उपम्याचा, इडलीचा खरा दोष असा की त्यांत प्रथिनं थोडी. दोन तासांत पोट परत हाक मारतं. म्हणून त्यांच्याबरोबर काहीतरी जोड: एक उकडलेलं अंडं, नाहीतर वाटीभर मटकीची उसळ, नाहीतर दही. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं आणि पाऊणशेच्या आत कॅलरी, इतका स्वस्त सौदा स्वयंपाकघरात दुसरा नाही. अंडं चालत नसेल तर मुगाचं धिरडं कर. भाजणीचं थालीपीठही उत्तम, त्यात डाळी असतात, पण ते तव्यावर तेलात पोहायला लागलं तर उत्तम राहत नाही. लोण्याचा गोळा एकादशीइतक्याच क्वचित घे.

आणि एकादशीवरून आठवलं. एकादशी दुप्पट खाशी, हे आपल्या पूर्वजांना आपल्यापेक्षा आधी कळलं होतं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावालासुद्धा नाहीत. त्यात तूप, दाण्याचं कूट, बटाटा. एक बशी खिचडी ही हलकं काही खाल्ल्याची गोष्ट नव्हे. उपास करायचा तर फळं, ताक, भगर यांवर कर. वजन उतरवण्यासाठी करत असशील तर खिचडीचा उपास सरळ मोड.

रात्रीची पोळी उरली असेल तर तिची लाज धरू नकोस. दह्याबरोबर खा, फोडणी दिलीस तर मोजक्या तेलाची. नाचणीची आंबील, शिळी भाकरी आणि ताक, या गोष्टी आता महागड्या बाटल्यांत परत यायला लागल्यात, आपल्याकडे त्या फुकट होत्या. उलट, जे पाकिटावर धान्यांची चित्रं छापून मिळतं, ते उलटून साखर किती आहे ते वाच. फळाचा रस नको, फळ खा. आणि चहा. दोन चमचे साखर घातलेले चार कप म्हणजे दिवसाला १६० कॅलरी निव्वळ साखरेच्या, बिस्किटं वेगळी. पुष्कळ जणींचा "मी नाश्ता करत नाही" हा दावा चहा, खारी आणि बिस्किटांवर उभा असतो.

सकाळी भूकच लागत नाही, असं तू म्हणतेस. त्याचं कारण सकाळी शोधू नकोस. तुमच्याकडे जेवायला रात्रीचे साडेदहा होतात, अकराला झोप, पहाटे पोट अजून कालचंच काम करतंय. आठवडाभर जेवण आठला आणून बघ, सगळ्यांचं नाही जमलं तर तुझं एकटीचं. सकाळी जाग येईल तीच भुकेने. जैन घरांत दिवेलागणीच्या आत जेवून घेतात, त्या बायकांना सकाळी नाश्ता करावा की नाही हा प्रश्नच पडत नाही. २०२२ साली स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला एक प्रयोग झाला. तेवढ्याच कॅलरी एका महिन्यात सकाळी जास्त दिल्या, दुसऱ्या महिन्यात रात्री जास्त. वजन दोन्ही वेळा सारखंच उतरलं. पण सकाळी भरपूर खाल्लं तेव्हा दिवसभर भूक कमी लागली. रात्रीच्या खादाडीने तू हैराण असशील तर सकाळची बशी मोठी करून रात्रीची लहान कर. तुला ते मानवेल असं मला वाटतं, पण वही काय म्हणते तेच खरं.

मुलांवर मात्र यातलं काहीही लावू नकोस. वाढत्या वयाची पोरं, गरोदर बाई, अंगावर पाजणारी, यांनी वजनासाठी नाश्ता सोडायचा नसतो. तुझी थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घेऊन किमान अर्धा तास थांबायचं, चहासाठीसुद्धा, हे तू पाळत नाहीस असा मला संशय आहे.

आणि दादाला कोणीतरी दोन वेळा जेवणाचं सांगितलंय म्हणे, तो सोमवारपासून नाश्ता बंद करणार आहे. त्याला थांबव. तो मधुमेहाच्या ज्या गोळ्या घेतो, त्यांतल्या काही रक्तातली साखर खाली ओढतात. गोळी घेतली आणि खाल्लं नाही तर चक्कर, घाम, कधी कधी बेशुद्धी. इन्शुलिन घेणाऱ्यांचं तर विचारूच नकोस. नाश्ता सोडायचा असेल तर आधी डॉक्टरांकडून गोळ्यांचा डोस बदलून घे, मग सोड, असं सांग. मीही फोन करीनच, पण तो माझं कधी ऐकत नाही, तुझं ऐकतो.