परिचर्या आणि लोकरीत

दवाखाना जवळ आहे, औषध मोफत आहे, परिचारिका तत्पर आहे. तरीही गावातील गरोदर स्त्री तेथे जाण्यास कचरते, हा अनुभव ग्रामीण आरोग्यसेवेत नवा नाही. अशा वेळी लोकांच्या अज्ञानाला दोष देऊन मोकळे होणे सोपे असते. परंतु सेवा घेणाऱ्याची भाषा, रीतभात व श्रद्धा यांविषयी सेवा देणाराही अज्ञानी असू शकतो. हे दुसरे अज्ञान दूर करण्याचा शास्त्रीय प्रयत्न म्हणजे परिचर्याशास्त्रातील 'सांस्कृतिक सक्षमता' ही संकल्पना होय.

लायनिंगर यांचे प्रतिमान

अमेरिकन परिचारिका मॅडलिन लायनिंगर (१९२५-२०१२) या १९५० नंतरच्या दशकात मानसिक उपचार घेणाऱ्या मुलांसाठी काम करीत होत्या. निरनिराळ्या समाजांतील मुलांना एकाच साच्यातील शुश्रूषा मानवत नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. म्हणून त्या मानववंशशास्त्राकडे वळल्या आणि न्यू गिनीच्या डोंगराळ भागातील गॅडसप लोकांत राहून त्यांनी त्यांच्या जीवनरीतीचा अभ्यास केला. त्यांच्या 'सूर्योदय' प्रतिमानात धर्म, नातेसंबंध, आर्थिक स्थिती, शिक्षण इत्यादी घटकांचा विचार करून मगच परिचर्या ठरविली जाते. त्यासाठी त्यांनी तीन मार्ग सांगितले: हितकारक रीत जपणे, काही रीतींशी जुळवून घेणे आणि अपायकारक रीत रुग्णाच्या संमतीने बदलणे.

बाळंतिणीचे उदाहरण

आपल्याकडील बाळंतपणाला हे मार्ग सहज लागू पडतात. अळिवाची खीर, पाचवीची पूजा, आजीचा आधार या गोष्टी जपण्यासारख्या आहेत. शेक-शेगडीची रीत असेल, तर ऊब राहू द्यावी. मात्र खोलीत धूर कोंडणार नाही, हे पाहावे. हे झाले जुळवून घेणे. परंतु पहिले चीक दूध पिळून टाकणे किंवा नाळेला राख लावणे या रीती बदलणेच इष्ट. चिकाच्या दुधात बाळाला रोगांपासून संरक्षण देणारे घटक असतात, तर राखेमुळे नाळेत जंतुसंसर्ग होण्याचा धोका असतो. जी परिचारिका खिरीचा मान राखते, तिचे चिकाविषयीचे म्हणणे सासूबाईही ऐकून घेतात.

निर्णय कोणाचा?

न्यूझीलंडमधील माओरी परिचारिका इरिहापेती रॅम्सडेन यांनी याच विचाराला वेगळे वळण दिले. दुसऱ्याच्या चालीरीतींची यादी पाठ करणे पुरेसे नाही. परिचारिकेने प्रथम स्वतःचे पूर्वग्रह तपासावेत आणि सेवा सुरक्षित वाटली की नाही, हे सेवा घेणाऱ्याने ठरवावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. 'सांस्कृतिक सुरक्षितता' या नावाने हा विचार १९९२ पासून त्या देशातील परिचारिकांच्या शिक्षणाचा भाग झाला. एकाच जमातीतील दोन स्त्रियांची मतेही भिन्न असू शकतात. म्हणून गृहीत धरण्यापेक्षा विचारणे केव्हाही श्रेयस्कर.

गडचिरोलीचा धडा

असे विचारल्याने काय घडते, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' संस्थेचे कार्य सुरू केले. रुग्णालय कसे असावे, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना रुग्णाजवळ राहता येत नाही, अशा अडचणी पुढे आल्या. त्यानुसार गावासारखे, झोपड्यांचे रुग्णालय उभारले गेले आणि त्याला आदिवासींच्या श्रद्धास्थानाचे, माँ दंतेश्वरीचे, नाव देण्यात आले. त्यासाठी वैद्यकशास्त्राला कोठेही मुरड घालावी लागली नाही. बदलली ती केवळ मांडणी.

ग्रामपंचायतींना यातून बरेच घेण्यासारखे आहे. गावच्या आरोग्य समितीच्या बैठकीत सुईणी, आजीबाई व नवमाता यांना बोलावून कोणत्या रीती जपाव्यात, कोणत्या जुळवून घ्याव्यात व कोणत्या बदलाव्यात, याची चर्चा आशा कार्यकर्ती व परिचारिका यांच्यासमवेत घडवून आणता येईल. शिक्षकांनी स्थानिक बोलीतील आजारांची व अवयवांची नावे संकलित करून दिल्यास बाहेरगावाहून आलेल्या परिचारिकेला मोलाचे साहाय्य होईल. सेवा दारापर्यंत नेणे हे शासनाचे काम आहे. ते दार उघडण्यासाठी मात्र लोकांचा विश्वास संपादन करावा लागतो.